फॅटी लिव्हर : वजनकाटा हलण्याआधी पेशी सावरतात

मंगरुळपीरला आमच्या थोरल्या बंधूंचे किराणा दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांना उजव्या बरगडीखाली जडपणा जाणवू लागला. ॲसिडिटी असेल म्हणून दोन-तीन आठवडे गोळ्या झाल्या, मग वाशीमला जाऊन सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये खडा नव्हता, गाठ नव्हती. शेवटच्या ओळीत फक्त ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ एवढेच लिहिले होते. भाईजाननी तो कागद घडी घालून दुकानाच्या गल्ल्यात जुन्या पावत्यांखाली ठेवला आणि घरी येऊन सांगितले, ‘सब नॉर्मल है.’

तीन महिन्यांनी उधारीची चिठ्ठी शोधताना भाभींच्या हाती तो कागद लागला. त्या रडल्या, मग रागावल्या आणि मग त्यांनी आम्हाला बोलावून घेतले. भाईजान बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, ‘उमरभर में एक घूंट नहीं पिया. अब ये कागज लेके किस-किस को समझाऊं?’

आपल्या घरांमध्ये या आजाराचे खरे दुखणे इथे आहे. मोहल्ल्यात ‘लिव्हर खराब’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत एकच प्रश्न उभा राहतो. ज्या घरात दारू हराम आहे आणि कोणी तिला शिवलेलेही नाही, त्या घरातला माणूस हा रिपोर्ट चोरीच्या मालासारखा लपवतो. मुलीचे लग्न जमवायचे असेल तर विचारायलाच नको. लपवल्यामुळे जातात ते नेमके सुरुवातीचे महिने, जेव्हा आजार सर्वांत सहज मागे फिरतो.

भाईजानसारखी माणसे नवीन नाहीत. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. युर्गन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चित्र हुबेहूब दारुड्याच्या यकृताचे होते, पण ही माणसे दारू पिणारी नव्हती. तेव्हा या आजाराला पहिल्यांदा वेगळे नाव मिळाले. पुढे अनेक वर्षे त्याला ‘मद्याविना होणारा फॅटी लिव्हर’ असे म्हणत. त्या नावातही दारूचा उल्लेख येतोच, आणि त्याने रुग्णाला कमीपणा वाटतो, हे लक्षात घेऊन २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी नाव बदलले. आता नावात शरीरातील चयापचयाच्या बिघाडाचा, म्हणजे मेटाबॉलिझमचा, उल्लेख असतो. नाव लांबलचक आणि अवघड आहे, आपण फॅटी लिव्हरच म्हणू. दारूने होतो तो फॅटी लिव्हर निराळा, एवढे ध्यानात असले की पुरे.

आपल्याकडे तो किती पसरला आहे? भारतातील निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०२२ मध्ये मांडलेला आकडा प्रौढांमध्ये ३८.६ टक्के आहे. म्हणजे दस्तरखानवर पाच मोठी माणसे बसली असतील तर त्यातील जवळजवळ दोघांच्या यकृतात जादा चरबी असण्याची शक्यता. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचाही समावेश केला.

यावर आमच्या भाभींचा प्रश्न होता : ‘हे तर जाड माणसांचे दुखणे. यांच्या अंगावर कुठे मांस आहे?’ प्रश्न बरोबर आहे. भाईजानचे दंड-पाय बारीक आहेत, फक्त पोट पुढे आले आहे. या कोड्याचे उत्तर शोधण्यात एका मराठी डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, एकच होता : २२.३. दोघेही दिसायला सडसडीत. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली, दुपटीहून अधिक. पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळांचा अभ्यासही याज्ञिकांनी केला. ती बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. म्हणजे कमी स्नायू आणि पोटाशी चरबी हा साचा आपल्याला जन्मापासूनच मिळतो. वाशीम जिल्हा देशाच्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथे कुपोषण आणि फॅटी लिव्हर एकाच गल्लीत, कधी एकाच घरात राहतात, याचे आश्चर्य वाटायला नको. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हावे.

आता यकृताच्या आत काय होते ते पाहू. हे समजले की चालण्याचा उपयोग आपोआप समजतो.

यकृत हे साधारण दीड किलोचे अवयव. उर्दूत त्याला जिगर म्हणतात आणि मराठीतही धाडसी माणसाला जिगरबाज म्हणतात. ते बरेच सहन करते, तक्रार करत नाही. आपल्या जिल्ह्यातील कोणालाही बाजार समितीचे आवार डोळ्यांसमोर आणता येईल. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक सुरू होते. माल येतो, त्याचे माप होते, पोती ट्रकमध्ये चढतात, आवार पुन्हा मोकळे होते. पण आवक वाढली आणि ट्रक आले नाहीत तर? पोती ओट्यावर, मग ओट्याखाली, मग रस्त्यावर. एक पाऊस आला की खालचा थर काळा पडतो. यकृताची पेशी असेच एक आवार आहे. तिच्यात चरबी येते, काही तिथल्या तिथे जळते, काही बाहेर पाठवली जाते. शंभरातील पाचपेक्षा जास्त पेशींमध्ये चरबीचे थेंब साचलेले दिसले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

ही चरबी येते कुठून? बहुतेकांना वाटते की थेट ताटातल्या तेल-तुपातून. २००५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी काही रुग्णांमध्ये खुणेचे अणू वापरून तिचा माग काढला. यकृतातील चरबीपैकी सुमारे ५९ टक्के शरीराच्या आधीच्या साठ्यातून, मुख्यतः अंगावरच्या चरबीतून, रक्तावाटे आली होती. सुमारे २६ टक्के यकृताने स्वतःच साखर आणि पिठूळ पदार्थांपासून बनवली होती. ताटातील चरबी थेट १५ टक्केच होती. म्हणजे कोरम्यावरच्या तवंगाइतकाच दोष दिवसातून सहा वेळा होणाऱ्या गोड चहाचा, सोबतच्या टोस्ट-खारीचा आणि लाल सरबताचा आहे. भाईजान तूप सोडून बसले होते, पण दुकानात येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याबरोबर चहा घेत होते.

या सगळ्याच्या मुळाशी इन्सुलिन आहे. ते रोज दोन हुकूम देते. स्नायूंना सांगते, रक्तातील साखर आत घ्या. अंगावरच्या चरबीला सांगते, तू जागेवर थांब. माणूस दिवसभर बसून राहू लागला की दोन्ही हुकूम ऐकेनासे होतात. स्नायू साखर घेत नाहीत, ती यकृताकडे जाते आणि तिथे तिची चरबी बनते. अंगावरची चरबीही थांबत नाही, वितळून यकृतात उतरते. आवक दोन्ही दरवाजांनी वाढते आणि पेशीतील हमाल थकतात. हे हमाल म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीतील बारीक चुली, ज्या चरबी जाळून ऊर्जा तयार करतात. त्यांच्यावर ताण आला की धूर होतो, म्हणजे पेशीला इजा करणारे रासायनिक कण तयार होतात. पेशी फुगते. शेवटी ती स्वतःच मरते. मेलेल्या पेशी साफ करायला संरक्षक पेशी येतात आणि सूज येते. त्या गडबडीत आणखी एका प्रकारच्या पेशी जाग्या होऊन जखमेवर धाग्यांचे जाळे विणू लागतात. थोडे जाळे म्हणजे फायब्रोसिस. सगळे यकृत जाळ्यात गुरफटले की सिरोसिस. हा प्रवास बहुधा वर्षानुवर्षे चालतो आणि सगळेच त्या टोकाला जात नाहीत. पण वाटेत दुखत नाही, म्हणून कोणी थांबतही नाही.

व्यायाम या साखळीत एका नव्हे, अनेक ठिकाणी हात घालतो. चालताना स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत ओढतो. मागच्या बाजूला दुसरे दार असावे तसे हे आहे. इन्सुलिनचे मुख्य दार गंजले असले तरी हे उघडते. एका चालण्याचा हा परिणाम काही तासांपासून एक-दोन दिवस टिकतो. साखर स्नायूत गेली की यकृताकडे कमी जाते आणि तिथे नवी चरबी कमी बनते. हळूहळू अंगावरची चरबीही पुन्हा इन्सुलिनचे ऐकू लागते. प्राण्यांवरील प्रयोगांत यकृताच्या पेशीच्या आतही बदल दिसतात. जुन्या, धूर सोडणाऱ्या चुली मोडीत निघतात, नव्या उभ्या राहतात आणि चरबी पूर्ण जळू लागते. आवक घटली, हमाल ताजे झाले, आवार मोकळे होऊ लागले.

आता भाईजानची खरी अडचण. भाभींनी कागद शोधून काढल्यावर ते फजरनंतर अकोला रस्त्याने चालू लागले. पूर्ण एक महिना चालले. मग दुकानातल्या मालाच्या काट्यावर उभे राहिले आणि अर्धा किलो घट पाहून चप्पल कोपऱ्यात फेकली. ‘महिना गया, आधा किलो. छोडो.’ आमचा अंदाज आहे की फॅटी लिव्हरचे निम्मे रुग्ण याच दिवशी चालणे सोडत असतील. आणि नेमके इथेच विज्ञान त्यांच्या बाजूने उभे आहे.

अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील संशोधकांनी २०१२ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. फॅटी लिव्हर असलेल्या १३ लठ्ठ माणसांना सलग सात दिवस, रोज एक तास, देखरेखीखाली ट्रेडमिलवर जोरात चालवले. यकृताची पेशी मरते तेव्हा तिच्या सांगाड्यातील एका प्रथिनाचे तुकडे रक्तात उतरतात, ते आधी आणि नंतर मोजले. आठवड्याअखेर ते ठळकपणे कमी झाले होते आणि इन्सुलिनचे कामही सुधारले होते. सात दिवसांत वजन असे कितीसे उतरणार? पण पेशींच्या मरणाची खूण उतरली होती. माणसे तेराच, चालणेही बरेच जोराचे, तेव्हा या एका प्रयोगावर सगळा भार टाकता येणार नाही. पण दिशा तीच इतरत्रही दिसली. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे २०११ मध्ये रुग्णांकडून आठ आठवडे फक्त वजने उचलण्याचा व्यायाम करून घेतला. शरीराचे वजन बदलले नाही, यकृतातील चरबी मात्र आधीच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटली. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे २०१५ मध्ये ४८ जणांवर आठ आठवडे निरनिराळ्या प्रमाणात चालणे-सायकलिंगचा प्रयोग झाला. कमी जोराचा असो वा जास्त, व्यायामाच्या प्रत्येक गटात यकृतातील चरबी कमी झाली.

याचा अर्थ वजन उतरण्याला किंमत नाही असा मुळीच नाही. लांब पल्ल्यात ते उतरावेच लागते. क्युबामध्ये २९३ रुग्णांनी वर्षभर आहार आणि व्यायाम पाळला आणि त्यातील बहुतेकांच्या यकृताचा तुकडा पुन्हा तपासला गेला. ज्यांचे वजन १० टक्के किंवा अधिक उतरले, त्यांच्यातील ९० टक्के लोकांची यकृताची सूज गेली आणि ४५ टक्के लोकांमध्ये जाळेसुद्धा मागे हटले. भाईजानच्या ७४ किलोत हे साडेसात किलो होतात, वर्षभराचे काम. पण वर्षभर चालायला पहिला महिना टिकायला हवा, आणि पहिल्या महिन्याचा हिशेब मालाच्या काट्यावर होत नाही. तो पेशींच्या आत होतो, तिथे काटा लावता येत नाही. हे ऐकल्यावर भाईजाननी चप्पल परत घातली असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘पण धावावे तर लागणार नाही ना?’

नाही. चीनमध्ये पोटाचा घेर वाढलेल्या आणि फॅटी लिव्हर असलेल्या २२० जणांवर झालेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने पहिले सहा महिने धावून काढले, दुसऱ्याने पूर्ण वर्ष रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, झपझप चालून. वर्षाअखेर यकृतातील चरबीच्या बाबतीत दोघे सारखेच. झपझप म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण नात म्हणता येऊ नये, इतका दम लागला पाहिजे. आठवड्याला १५० मिनिटे. एका दमात अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. जेवणानंतरची दहा मिनिटे तर विशेष उपयोगी, कारण तेव्हाच साखर रक्तात चढत असते. त्यासोबत आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर द्यावा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, पाच लिटरची कॅन दोन्ही हातांनी उचलणे, एवढ्याने सुरुवात होते. गुडघे दुखणाऱ्यांना हेच अधिक झेपते.

नमाज व्यायामात धरावी का, असे आम्हाला अनेकजण विचारतात. आमचे मत स्पष्ट आहे. नमाज ही इबादत आहे, तिचा हिशेब मिनिटांत घालू नये. रुकू-सजद्यात सांधे मोकळे होतात हे खरे, पण श्वास वाढत नाही, म्हणून ती १५० मिनिटांत मोजली जात नाही. मोजायचा असेल तर मशिदीचा रस्ता मोजा. मशीद घरापासून ४०० मीटरवर असेल, तर पाच वेळा जाऊन-येऊन चार किलोमीटर होतात. मशिदीबाहेर उभ्या मोटारसायकली पाहिल्या की हे चार किलोमीटर कुठे गेले ते कळते. नमाजला जाताना घाई करायची नसते हे आपण जाणतोच. वेग परतताना वाढवावा.

आपल्या वडिलांच्या पिढीला हे सांगावे लागत नव्हते. वावर गावापासून तीन किलोमीटर असे आणि माणूस पायी जाई. कापसाची वेचणी आठवडेच्या आठवडे चाले. आता जिल्हाभर सोयाबीन आहे. पेरणी ट्रॅक्टरने, काढणी मजुरांनी किंवा हार्वेस्टरने, आणि कास्तकार बांधापर्यंत गाडीवर. दुकानदाराचे तर त्याहून वाईट. भाईजान सकाळी नऊला गादीवर बसत ते रात्री नऊला उठत, मालही नोकर काढून देई. आता त्यांनी साखर आणि तांदळाची पोती मुद्दाम मागच्या खोलीत ठेवली आहेत आणि माप स्वतः करतात.

स्त्रियांचे काय? भाभींची सोनोग्राफी आम्हीच हट्टाने करून घेतली. ग्रेड १ निघाला. डॉक्टर सहज म्हणाले, रोज अर्धा तास मोकळ्यावर चाला. मोकळे कुठे आहे? मंगरुळपीर असो, कारंजा असो की रिसोड, आपल्या मोहल्ल्यांत बायकांना चालायला मैदान नाही, बाग नाही, आणि एखादी एकटी निघालीच तर ‘कहां चली सुबह-सुबह?’ असे चार दारांतून विचारले जाते. ‘घरकाम हाच व्यायाम’ असे म्हणणारे पुरुष आम्हाला बरेच भेटतात. कपडे हाताने घासणे, पाणी भरणे याने दम लागतो, हे मान्य. पण उभ्याने पोळ्या लाटण्याने लागत नाही, पाठ मात्र दुखते. भाभींनी गच्ची निवडली. ३० फूट लांब आणि २० फूट रुंद गच्चीच्या कडेने एक फेरी म्हणजे १०० फूट, ३० मीटर. ७० फेऱ्यांत दोन किलोमीटरच्या वर होते. फेऱ्या मोजताना चुकायला होई, म्हणून त्या एका वाटीत ७० चिंचोके ठेवतात आणि प्रत्येक फेरीला एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकतात. शेजारच्या दोघी आधी हसल्या. आता तिघी वर असतात, त्यामुळे वेग कमी आणि गप्पा जास्त होतात अशी भाभींची तक्रार आहे. त्यांना आम्ही नात म्हणण्याची वरची कसोटी सांगितली आहे.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा फजरनंतरची वेळच खरी. रमजानमध्ये पाणी नसताना दुपारी घाम गाळू नये. इफ्तारीनंतर थोड्या वेळाने किंवा तरावीहनंतर चालावे, आणि भजी-समोशांचे ताट रोज भरू नये. महिनाभर चालणे पूर्ण बंद ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. रोज चाकावर धावणाऱ्या उंदरांचे धावणे थांबवून पाहिले, तेव्हा यकृतात चरबी बनवणारी यंत्रणा सुमारे आठवडाभरात पुन्हा सुरू होताना दिसली. लग्नसराईलाही हे लागू आहे. तीन वलीमे आणि चालणे शून्य, असा पंधरवडा महागात पडतो.

काहींनी आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी : ज्यांच्या छातीत चालताना दुखते, ज्यांना सिरोसिस सांगितला आहे, जे मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेतात. मधुमेहींनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. डोळे पिवळे होणे, पोट पाण्याने फुगणे, पायांवर सूज, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, यांपैकी काही दिसले तर चालण्याचा विषय बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

ग्रेडचा आकडा फक्त चरबी सांगतो, जाळे सांगत नाही. त्याचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीवरून घरीही काढता येतो. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचे प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. भाईजानचे वय ५२, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख १० हजार. ६४ चे वर्गमूळ ८. वर २०८०, खाली १६८०, उत्तर १.२४. हे उत्तर १.३ च्या खाली असेल तर गंभीर जाळे असण्याची शक्यता कमी. वर असेल तर फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी करून घ्यावी. वय ६५ च्या पुढे असेल तर ही मर्यादा २ धरतात. भाईजाननी हा हिशेब तिथल्या तिथे तोंडी केला, दुकानदारच ते, आणि बऱ्याच दिवसांनी थोडे हसले.

औषधांबद्दल दोन शब्द. अमेरिकेत या आजारासाठीचे पहिले औषध २०२४ मध्ये मंजूर झाले, तेही सूज आणि जाळे बऱ्यापैकी वाढलेल्यांसाठी. सुरुवातीच्या रुग्णाला आजही चालणे आणि आहार हेच सांगितले जाते. म्हणून ‘लिव्हर साफ’ करणारे काढे आणि चूर्णे यांच्या मागे पैसे घालवू नयेत. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले होते. त्यावर वादही झाला, पण आजारी यकृतावर प्रयोग कशाला?

भाईजान आता आठवड्यातून पाच दिवस चालतात. इशानंतर दुकान बंद करून घरी पायी येतात आणि मोटारसायकल मुलाकडे असते. वजन ७४ वरून ७१ झाले आहे, पट्ट्याला एक भोक नवीन पाडावे लागले. चहा सहावरून तीनवर आला आहे, त्यातला एक अजून गोडच असतो. पुढची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी ईदनंतर करायची आहे. जुना रिपोर्ट गल्ल्यातून निघून दुकानातल्या कॅलेंडरमागच्या खिळ्याला टांगला आहे. परवा एका गिऱ्हाइकाने तो वाचून विचारलेच, ‘लिव्हर? आप को?’ भाईजाननी त्याला बाकावर बसवले, त्याच्या कंबरेकडे पाहिले आणि काउंटरखालून टेप काढली.